ख्रिस्ती श्रद्धा आणि जीवनप्रयोजनाचा शोध : मराठी आत्मपर लेखन व जालन्याचे बेथेल

प्रस्तावना

पदवी वर्गात 'स्मृतिचित्रे'तील निवडक भाग शिकवताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : टिळक ख्रिस्ती का झाले? प्रश्न स्वाभाविक आहे. मराठी समीक्षेनेही ख्रिस्ती लेखकांच्या बाबतीत प्रामुख्याने हाच प्रश्न विचारला आहे. मिशनऱ्यांचा सहवास, इंग्रजी शिक्षणाचा परिणाम, रूढींविषयीचा उद्वेग, कोणाच्या बाबतीत आमिषाचा संशय अशी कारणांची यादी करून त्याचे उत्तर दिले जाते. एकदा ही यादी पूर्ण झाली की लेखकाच्या श्रद्धेचा विचार संपला असे मानून समीक्षक भाषाशैली, विनोद आणि समाजचित्रण यांकडे वळतो.

या पद्धतीत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. धर्मांतर कशामुळे झाले हा प्रश्न माणसाच्या मागच्या आयुष्याकडे पाहतो. ते कशासाठी झाले, त्या श्रद्धेने उरलेल्या आयुष्याला कोणता हेतू दिला, हा प्रश्न पुढच्या आयुष्याकडे पाहतो. आत्मपर लेखनाचा खरा विषय बहुतेक वेळा हा दुसरा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रे. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन व जीवन या दृष्टीने तपासले आहे. त्याचबरोबर ज्यांनी मराठी वाचकाच्या परिचयाचे आत्मचरित्र मागे ठेवले नाही, पण जालन्याजवळ एक गाव मागे ठेवले, त्या रे. नारायण शेषाद्री यांच्या कार्याचाही विचार केला आहे. बाप्तिस्म्याच्या क्षणी जीवनप्रयोजन सापडत नाही, तर त्या क्षणी त्याचा शोध सुरू होतो, आणि विशिष्ट माणसांची जबाबदारी स्वीकारल्यावरच त्याला आकार येतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पाचारण, साक्ष आणि सेवा

मराठी ख्रिस्ती परिभाषेत जीवनप्रयोजनासाठी एक अर्थपूर्ण शब्द आहे : पाचारण. देवाने माणसाला बोलावणे असा त्याचा अर्थ. या शब्दात प्रयोजन माणूस स्वतः ठरवत नाही, तर त्याला हाक येते आणि त्याने 'ओ' द्यायची असते. या हाकेविषयी इतरांसमोर जे सांगायचे ती साक्ष, आणि हाकेला आयुष्यभर दिलेले उत्तर म्हणजे सेवा. या तीन शब्दांचा क्रम लक्षात घेतला तर ख्रिस्ती आत्मपर लेखनाची घडण स्पष्ट होते. बहुतेक समीक्षा साक्षीजवळ थांबते. पाचारण खरे होते की नव्हते हे मात्र सेवेत कळते.

हाकेची ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. ज्या जालना जिल्ह्यात आपण हा विचार करत आहोत, त्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. लग्नमंडपात 'सावधान' हा शब्द ऐकताच नारायण घर सोडून गेला, ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक असते. कथेचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. परंपरेनुसार त्या हाकेनंतर टाकळीला बारा वर्षे तप आणि पुढे बारा वर्षे तीर्थाटन झाले, आणि मगच कृष्णाकाठी कार्याला आरंभ झाला. हाक क्षणात आली, पण तिचा अर्थ उलगडण्यास दोन तपे लागली. दोन परंपरांतील तत्त्वज्ञान एक नाही व तसे दाखवण्याचा येथे हेतूही नाही. तथापि, हाक आणि कार्य यांच्यामधील हा काळ वाचण्याची सवय मराठी वाचकाला संतचरित्रांनी लावलेली आहे. ख्रिस्ती चरित्रे वाचताना ती सवय आपण बाजूला का ठेवतो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

ख्रिस्ती आशय मराठी छंदात व परिभाषेत मांडण्याचा प्रयत्नही जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले, तेव्हा जांबचा नारायण आठ वर्षांचा होता. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची मराठी एकोणिसाव्या शतकातील मिशनच्या छापखान्यात जन्मली, हे गृहीतकही पूर्णपणे टिकत नाही.

२. बाप्तिस्मा आणि कार्य यांमधील अंतर

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे 'अरुणोदय' हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक होय. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेला, परमहंस सभेच्या विचारांतून गेलेला हा तरुण १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतो. 'अरुणोदय'चा मुख्य भर या क्षणापर्यंतच्या प्रवासावर आहे. ग्रंथाचे नावच पहाटेचे आहे, दुपारचे नाही. त्यातील संघर्ष सत्यासत्याचा आहे : कोणता धर्म खरा, कोणता ग्रंथ प्रमाण. हे लेखन वाचताना बुद्धीची तगमग जाणवते. मात्र या माणसाने पुढे काय करायचे, हा प्रश्न ग्रंथाच्या केंद्रस्थानी नाही. त्याचे उत्तर ग्रंथाबाहेर, १८५७ च्या 'यमुनापर्यटन'मध्ये मिळते. हिंदू विधवांच्या स्थितीवरील ही कादंबरी मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. 'कोणता धर्म खरा' असे विचारणारा तरुण तीन वर्षांच्या आत 'या स्त्रियांचे काय' असे विचारू लागतो. पहिल्या प्रश्नाने त्याचा धर्म बदलला, तर दुसऱ्याने त्याच्या लेखणीला काम दिले. या दोन प्रश्नांमधील नाते 'अरुणोदय' व 'यमुनापर्यटन' एकत्र वाचल्याशिवाय दिसत नाही. वाङ्मयेतिहासात मात्र एक ग्रंथ आत्मचरित्राच्या प्रकरणात आणि दुसरा कादंबरीच्या प्रकरणात असतो.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत हे अंतर त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. इंग्लंडमधील वाँटेज येथे १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनपर साक्षीत मात्र त्या एक विलक्षण भेद करतात. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडण्यास त्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. ही आठ वर्षे रिकामी नव्हती. याच काळात त्यांनी अमेरिकेत भारतीय उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला (१८८७), मुंबईत शारदा सदन सुरू केले (१८८९) आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. म्हणजे काम चालूच होते, पण त्या कामाचा मालक कोण हा प्रश्न त्यांच्या मनात सुटलेला नव्हता. तो सुटल्यानंतरच्या रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणतात, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहते.

येथे एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रमाबाईंच्या धर्मांतराचे कारण शोधणाऱ्या समीक्षकाला १८८३ हे वर्ष निर्णायक वाटते. त्यांचे जीवनप्रयोजन शोधणाऱ्याला १८९१ आणि १८९७ ही वर्षे अधिक बोलकी वाटतील. ज्या वर्षावर बोट ठेवावे त्याप्रमाणे रमाबाईंचे चित्र बदलते. पहिल्या चित्रात त्या समाज सोडून गेलेल्या विदुषी असतात, तर दुसऱ्यात समाजाने सोडलेल्या मुलींना जवळ करणाऱ्या.

रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनात हे अंतर सर्वांत मोठे आहे. १८९३ च्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची दोन दशकांहून अधिक वर्षे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन, उपदेश, 'ज्ञानोदय'चे संपादन व काव्यलेखन यांत गेली. वरकरणी पाहता हे सफल जीवन होते. तरीही १९१७ मध्ये टिळक मिशनची नोकरी सोडतात आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन करतात. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे बंधुत्व ही त्यामागील कल्पना होती. स्वतः बाप्तिस्म्यासाठी एवढी किंमत मोजलेला माणूस आयुष्याच्या शेवटी बाप्तिस्म्याची अट बाजूला ठेवतो, ही घटना केवळ धर्मांतराच्या कारणमीमांसेतून समजत नाही. पाचारण म्हणजे एखाद्या संस्थेचे सभासदत्व नव्हे, हे कळण्यास टिळकांना बावीस वर्षे लागली. आणि ते कळल्यानंतर त्यांच्या हाती दोनच वर्षे उरली.

३. लक्ष्मीबाई : स्वयंपाकघरातून आलेली श्रद्धा

'स्मृतिचित्रे' (१९३४–१९३७, चार भाग) मराठी आत्मचरित्रांचा मानदंड मानला जातो. निरागसता, विनोद आणि बोलीचा सहजपणा या त्याच्या गुणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या स्तुतीत एक गृहीतक दडलेले असते : लक्ष्मीबाई विनोदी होत्या म्हणून श्रेष्ठ, आणि ख्रिस्ती होत्या ही पतीमागून आलेली गोष्ट. ग्रंथ नीट वाचल्यास हे गृहीतक टिकत नाही.

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या घडामोडींनंतर त्यांच्या मनात शिरलेल्या या सोवळ्याने घरातील माणसांचे जगणे कसे अवघड करून टाकले, याचे वर्णन वाचकाला हसवता हसवता गंभीर करते. पाणी, धान्य, भांडी, मुलांचे खेळ या सर्वांवर त्या सोवळ्याची सत्ता आहे. टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे पतीपासून दूर राहून लक्ष्मीबाई परत येतात, तेव्हाही त्यांचे अन्न व पाणी वेगळे असते. पुढे राहुरीच्या मुक्कामात, जातिभेद ईश्वराने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, ही गोष्ट त्यांना कोणा उपदेशकाच्या प्रवचनातून नव्हे तर स्वतःच्याच विचारांतून उमगते, आणि त्या शिवाशिव सोडून देतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, यानंतर झाला.

हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. पदमनजींनी प्रथम धर्माची निवड केली व मग जीवनाची दिशा शोधली. लक्ष्मीबाईंनी प्रथम माणसांशी असलेला आपला व्यवहार बदलला, आणि धर्म त्या बदललेल्या व्यवहाराला दिलेले नाव ठरला. बालपणीच्या घरातील पाण्याचा विटाळ व राहुरीला सुटलेला विटाळ यांमध्ये 'स्मृतिचित्रे'चा आंतरिक आराखडा आहे. म्हणून लक्ष्मीबाईंचा विनोद त्यांच्या श्रद्धेपासून वेगळा काढता येत नाही. वडिलांच्या सोवळ्यावर त्यांना द्वेषाविना हसता येते, कारण त्या त्या भीतीतून बाहेर पडलेल्या आहेत. स्वतःच्या फजित्याही त्या तशाच मोकळेपणाने सांगतात. आपले आयुष्य आपल्याहून मोठ्या कोणाच्या हाती आहे असे ज्याला वाटते, त्याला स्वतःकडे पाहून हसणे सोपे जाते. या विनोदाचे हे धार्मिक मूळ समीक्षेने पुरेसे ओळखलेले नाही.

टिळकांच्या मृत्यूनंतर अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. अक्षरओळखीपासून पतीने शिकवलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य पूर्णत्वाकडे न्यावे, यात केवळ पतिनिष्ठा पाहणे हा अपुरा अर्थ होय. हे काम त्यांना वारशाने मिळाले असले, तरी ते पुढे नेण्याइतके त्यांचे स्वतःचे झाले होते.

४. नारायण शेषाद्री आणि बेथेल

येथवर ज्यांचा विचार केला त्यांनी ग्रंथ मागे ठेवले. रे. नारायण शेषाद्री यांनी गाव मागे ठेवले. निजामाच्या राज्यातील ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकले आणि १८४३ मध्ये रे. रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये चर्चची फाळणी होऊन फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडची स्थापना झाली, आणि शेषाद्रींचे पुढील कार्य या फ्री चर्चच्या अंतर्गत झाले. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. जालन्याचे त्यांचे कार्य १८६०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. म्हणजे येथेही बाप्तिस्मा आणि ज्या कार्याने त्यांचे नाव उरले ते कार्य, यांमध्ये सुमारे वीस वर्षे आहेत.

जालना त्या काळी निजामाच्या मुलखातील लष्करी छावणीचे गाव होते. शेषाद्रींच्या उपदेशाला प्रतिसाद मिळाला तो मुख्यतः मांग व महार समाजातून. या लोकांसाठी जालन्याजवळ एक स्वतंत्र वसाहत उभारण्याचे त्यांनी ठरवले. त्यासाठी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग (पहिले) यांच्याकडून जमीन मिळाली. मुसलमान दिवाणाने दिलेली जमीन, स्कॉटलंडच्या चर्चचा आधार, ब्राह्मण कुळातून आलेला पाळक आणि गावकुसाबाहेरून आलेली कुटुंबे : एकोणिसाव्या शतकातील मराठवाड्याचे एवढे संमिश्र चित्र दुसऱ्या एखाद्या गावाच्या स्थापनेत क्वचितच सापडेल.

वसाहतीला नाव दिले बेथेल. हे नाव समीक्षकाने वाचण्यासारखे आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब बापाचे घर सोडून पळतो, रात्री उघड्यावर धोंडा उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी पाहतो आणि जागा झाल्यावर त्या जागेला 'देवाचे घर' या अर्थाचे नाव देतो. घर गमावलेल्या माणसाला उघड्यावर देवाचे घर सापडते, असा या कथेचा आशय आहे. शेषाद्रींनी बापाचे घर सोडले होते. पण त्यांनी निवडलेल्या नावात केवळ त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र नाही. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या वेशीबाहेर होती, त्यांच्यासाठी 'देवाचे घर' हे गावाचेच नाव झाले. ज्या गावाचे सर्व रहिवासी बाहेरचे आहेत, त्या गावाला गावकूस उरत नाही. या अर्थाने बेथेल ही शेषाद्रींची साक्ष होय. ती त्यांनी कागदावर लिहिली नाही, जमिनीवर आखली.

१८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्री उपस्थित होते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे मिशनचे काम संस्थारूप झाले. चर्चच्या एकीकरणांतून १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले, १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. राज्य, चर्च आणि जिल्हा या तिन्हींची नावे बदलली, बेथेल हे नाव मात्र टिकून आहे. मराठी वाङ्मयेतिहासात शेषाद्रींना जेमतेम एखादी ओळ मिळते, कारण वाङ्मयेतिहास ग्रंथांचा असतो. जीवनप्रयोजनाचा इतिहास लिहायचा झाल्यास मात्र त्यांना वगळता येणार नाही.

५. ज्यांनी लिहिले नाही

येथे प्रस्तुत प्रतिपादनाची खरी कसोटी लागते. आतापर्यंतचे सर्व नायक-नायिका, पदमनजींचा अपवाद वगळता, ब्राह्मण आहेत. त्यांच्या कथेत धर्मांतर म्हणजे त्याग : घर, जात, वारसा, मान यांचा. त्यामुळे जीवनप्रयोजनाची चर्चा नकळत 'काय सोडले' या मापाने होऊ लागते. या मापाने बेथेलच्या मांग कुटुंबाचे मोजमाप केले तर त्याच्या पदरी संशयच येतो, कारण सोडण्यासारखे त्याच्याजवळ थोडे होते आणि मिळवण्यासारखे पुष्कळ : जमीन, शाळा, पाणी.

परंतु गावगाड्यात मांगाच्या जीवनाचे प्रयोजन जन्मतःच ठरलेले होते. दोर वळणे, वाजवणे, गावाची ठरावीक कामे करणे व बलुते घेणे. पदमनजींना 'मी कोणता धर्म मानावा' असे विचारता आले, कारण 'मी कशासाठी जगावे' हा प्रश्न विचारण्याची मुभा त्यांना शिक्षणाने मिळालेली होती. बलुतेदारीत अडकलेल्या माणसाला ती मुभाच नव्हती. म्हणून त्याच्यासाठी नव्या श्रद्धेचा पहिला अर्थ उत्तर नव्हे, तर प्रश्न हाच होता. आपल्या आयुष्याला गावाने ठरवलेल्या कामाहून वेगळा हेतू असू शकतो हे कळणे, ही स्वतःच एक मुक्ती होय. या दृष्टीने पाहिल्यास भाकरी व श्रद्धा, जमीन व तारण यांची विभागणी कृत्रिम ठरते. ज्याला पाणवठ्यावर मज्जाव आहे, त्याच्यासाठी पाणी ही केवळ भौतिक गोष्ट राहत नाही. लक्ष्मीबाईंनी शिवाशिव सोडली हा आध्यात्मिक निर्णय मानायचा, आणि शिवाशिवीविना पाणी मिळावे म्हणून कोणी ख्रिस्ती झाला तर ते आमिष मानायचे, हा दुटप्पीपणा समीक्षेने सोडला पाहिजे.

बेथेलच्या पहिल्या पिढीचा आवाज आपल्याला थेट ऐकू येत नाही. त्यांच्याविषयीचे लेखन प्रामुख्याने मिशनच्या अहवालांतून येते, आणि ते अहवाल दूरच्या देशातील देणगीदार वाचकांसाठी लिहिलेले असत. तो वाचक मनात ठेवूनच ते वाचले पाहिजेत. मात्र त्या समाजाच्या मनातील प्रश्न कोणता होता याचा एक पुरावा जालन्याच्या कार्याआधी काही वर्षे उपलब्ध आहे. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकात मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध छापला गेला. ती पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी होती. वेदांवर ज्यांचा अधिकार नाही ते धर्मग्रंथाविना, म्हणजे धर्माविनाच आहेत, असा तिचा युक्तिवाद असून आपला धर्म कोणता हे देवानेच सांगावे, असे ती आर्ततेने मागते. मुक्ता ख्रिस्ती झाली नाही. परंतु ख्रिस्ती नियतकालिकात, मराठीत, एका शाळकरी मुलीने विचारलेला हा प्रश्न पुढे बेथेलमध्ये आलेल्या कुटुंबांच्या निर्णयाची पार्श्वभूमी समजण्यास कोणत्याही अहवालाहून अधिक उपयोगी आहे.

न बोललेल्यांमध्ये आणखी एक जण आहे, आणि तो शेषाद्रींच्याच घरातला. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत १८४३ मध्ये भावाच्या मागोमाग मिशनमध्ये गेला, तेव्हा तो अजाण मुलगा होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. पाद्री, न्यायाधीश, पिता, शास्त्री या सर्वांनी श्रीपतच्या आयुष्याचे प्रयोजन ठरवले. श्रीपतला स्वतःला काय वाटत होते, हे या वादात गौण राहिले. एका भावाची निवड आपण पाचारण म्हणून वाचतो, दुसऱ्याच्या वाट्याला केवळ खटला आला. प्रयोजन दुसऱ्याने ठरवून देता येत नाही, अगदी प्रेमापोटीही देता येत नाही, हे श्रीपतच्या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही यशस्वी आत्मचरित्रातून होत नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितास अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध दलितांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. आमिषाची भाषा बोलणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की आज ही श्रद्धा उघडपणे सांगणाऱ्या दलित कुटुंबास काही मिळण्याऐवजी गमवावेच लागते.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप आत्मचरित्राच्या विश्वासार्हतेचा. साक्ष या वाङ्मयप्रकारास एक ठरावीक साचा आहे : आधी अंधार, मग प्रकाश, मग सेवा. लेखक मागे वळून पाहताना आयुष्य त्या साच्यात बसवतो, मग 'प्रयोजन सापडले' हे विधान पुरावा कसे मानावे? आक्षेप रास्त आहे. परंतु आपण पाहिलेल्या लेखनात महत्त्वाची ठिकाणे ती आहेत, जेथे हा साचा मोडतो. रमाबाई धर्म आणि ख्रिस्त यांत आठ वर्षांचे अंतर मान्य करतात. टिळक मिशन सोडतात. लक्ष्मीबाईंच्या कथेत प्रकाश बाप्तिस्म्याआधीच, तोही भांड्याकुंड्यांत पडतो. साचा जेथे अडखळतो तेथे अनुभव बोलतो, एवढे समीक्षेला निश्चित म्हणता येते.

दुसरा आक्षेप असा की या सर्व कार्याचे श्रेय श्रद्धेस देण्याचे कारण काय? फुले, कर्वे, शिंदे यांनी अशीच कार्ये ख्रिस्ती न होता केली. हेही खरे आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धेवाचून प्रयोजन सापडत नाही असा दावा येथे केलेला नाही. प्रस्तुत विचार मर्यादित आहे. या विशिष्ट व्यक्तींनी आपल्या कार्याचा उगम ज्या श्रद्धेत सांगितला, ती श्रद्धा वजा करून त्यांचे लेखन वाचता येत नाही. तुकोबांचे अभंग विठ्ठल वगळून वाचावेत असे कोणी म्हणत नाही. मग टिळकांची कविता ख्रिस्त वगळून, केवळ फुलामुलांची कविता म्हणून का वाचावी?

२०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे मराठवाड्याच्या भूमीत भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांची निवड झाली, तेव्हा विरोधाचे सूर उमटले होते. वसईतील पाणी, शेती व हिरवाई वाचवण्याच्या लढ्यात आयुष्य घातलेल्या, 'सुवार्ता' मासिक चालवलेल्या आणि बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या लेखकाला त्याच्या कामाऐवजी त्याच्या धर्माविषयी प्रश्न विचारले गेले. ज्याने धर्मांतर केलेलेच नाही, जो जन्माने ख्रिस्ती आहे, त्यालाही 'का' याच प्रश्नापाशी अडवले जाते. 'नाही मी एकला' हे त्यांच्या आत्मचरित्राचे नाव या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनात बाप्तिस्मा हा शेवट नसून आरंभ आहे. बाप्तिस्मा व जीवनकार्य यांतील अंतर (रमाबाई आठ वर्षे, शेषाद्री सुमारे वीस, टिळक बावीस) हेच या लेखनाचे व जीवनाचे सर्वांत अर्थपूर्ण क्षेत्र आहे.

२) जीवनप्रयोजन सिद्धान्ताच्या स्वीकाराने पूर्ण होत नाही. विधवा, दुष्काळातील मुली, गावकुसाबाहेरची कुटुंबे अशा नेमक्या माणसांची जबाबदारी घेतल्यावर ते आकारास येते.

३) 'स्मृतिचित्रे'तील विनोद व श्रद्धा यांची फारकत समीक्षेने थांबवावी. दोन्हींचे मूळ सोवळ्याच्या भीतीतून झालेल्या मुक्ततेत आहे.

४) त्यागाच्या मापाने केवळ उच्चवर्णीयांचे धर्मांतर मोजता येते. ज्यांना प्रयोजनाचा प्रश्नच नाकारला गेला होता, त्यांच्यासाठी प्रश्न विचारता येणे हे श्रद्धेचे पहिले फळ होते.

५) बेथेलसारखी गावे हीही वाचनाची सामग्री आहे. जालना व परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी एकत्र येऊन तेथील कुटुंबांच्या मौखिक आठवणी, चर्चमधील नोंदी आणि जुनी उपासना-गीते यांचे संकलन करणे आवश्यक आहे. आठवणी सांगू शकणारी पिढी वयोवृद्ध होत चालली आहे.

शेषाद्रींनी गावाला नाव दिले. त्या नावाच्या घरात राहायला आलेल्या माणसांना आपल्या आयुष्याविषयी काय वाटले, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकांचे आहे.